मार्शल बाप, भरकटलेली मुले आणि आपली मंडई : ही कथा झाडीत कशी रुजवावी?

वैनगंगाकाठचा (प्रश्नकर्ता)

सविनय नमस्कार.

मी झाडीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, वडशाजवळच्या एका खेड्यात राहतो आणि मंडई (दिवाळीनंतरच्या गावजत्रा) व शंकरपट (बैलजोड्यांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने होणाऱ्या प्रयोगांसाठी नाटके लिहितो. दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या हंगामासाठी एका मंडळाला नवी तीन अंकी संहिता हवी आहे. नाटक कौटुंबिकच असावे, पण सासू-सुनेचे आणि दारूच्या व्यसनाचे विषय आता प्रेक्षकांच्या अंगवळणी पडले आहेत, असे व्यवस्थापकांचे म्हणणे आहे. मी वेगळ्या कथाबीजाच्या शोधात होतो आणि ते मला १९७३ सालच्या 'केहिल, यू. एस. मार्शल' या वेस्टर्न चित्रपटात सापडले. अँड्र्यू मॅक्लाग्लेन यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात जॉन वेन यांनी अशा एका विधुर मार्शलची भूमिका केली आहे, जो गुन्हेगारांच्या मागे घोड्यावरून फिरतो आणि ज्याची दोन मुले इकडे घरी जमेल तशी वाढतात.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. बाप मोहिमेवर असताना त्याचा ऐन तारुण्यातला थोरला मुलगा डॅनी आणि अजून पोरवयातच असलेला धाकटा बिली हे दोघे फ्रेझर नावाच्या गुंडाच्या नादी लागतात. टोळी बँक लुटते आणि त्या गडबडीत गावच्या शेरीफचा खून होतो. खून मुलांच्या मनात नव्हता, परंतु लुटीत ती सामील आहेत आणि पैसा लपवण्याचे काम तर धाकट्यानेच केले आहे. मार्शल परत येतो, माग काढत निघतो आणि चार भलत्याच माणसांना पकडून आणतो. त्या चौघांना फाशीची शिक्षा होते. मुलांनी तोंड उघडले तर फ्रेझर त्यांना जिवंत सोडणार नाही आणि तोंड मिटून ठेवले तर गावात उभ्या राहिलेल्या वधस्तंभावर चार निरपराध माणसे चढतील.

गोळीबार आणि घोडदौड आपल्या रंगमंचावर शक्य नाही आणि मला ती नकोही आहे. मला भावला तो बाप. त्याला आपल्या पोरांचा संशय येऊ लागतो, पण तो त्यांना कोपऱ्यात घेऊन दमदाटी करीत नाही. तो त्यांच्याबरोबर घोड्यावर बसतो, जेवतो, झोपतो आणि ती स्वतःहून कधी बोलतात याची वाट पाहत राहतो. झाडीतल्या प्रेक्षकाला हा बाप ओळखीचा वाटेल, असा माझा अंदाज आहे.

अडचण अशी की, कथा इकडे आणताना तिचे सांधे निखळतात. आपल्याकडे असा बाप कोणत्या पदावर असेल? फौजदार म्हणावा तर तो बदलीवर आलेला बाहेरचा माणूस असतो, गावाशी त्याचे नाते तीन वर्षांचे. बँकेऐवजी काय लुटले जावे, हाही प्रश्न आहे. तेंदूपत्त्याच्या फडावर मजुरी वाटायला निघालेल्या मुनशीची पिशवी, असे मी आधी योजले होते, परंतु गडचिरोली जिल्ह्यात जंगलातली रोकड म्हटली की प्रेक्षक लगेच दुसऱ्याच संघर्षाचा विचार करू लागतील आणि बाप-मुलांची गोष्ट बाजूला पडेल. म्हणून सध्या धानाच्या चुकाऱ्याची (विक्रीपोटी शेतकऱ्यांना द्यायची) रक्कम आणि सहकारी संस्थेचे गोदाम यांवर येऊन थांबलो आहे. मुख्य म्हणजे चौघांच्या फाशीचा जो टांगता काळ मूळ कथेला वेग देतो, तो इथे कसा निर्माण करावा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.


खाकीतून निवृत्त

आपला प्रश्न वाचून आनंद झाला. माझी बहुतेक नोकरी भंडारा आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत झाली, त्यामुळे पदाविषयी थोडे अधिकाराने लिहितो.

प्रथम मूळ कथेतला मार्शल नीट समजून घ्यावा. अमेरिकेत शेरीफ हा आपल्या काउंटीतल्या लोकांनी निवडून दिलेला माणूस असतो, तर मार्शल हा १७८९ च्या न्यायव्यवस्थेच्या कायद्याने निर्माण झालेला केंद्र सरकारचा अधिकारी असून त्याची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात. त्याचा मुलूख अफाट. शिवाय १८९६ पर्यंत मार्शलांना ठरावीक वेतन नव्हते. समन्स बजावणे, आरोपी आणून हजर करणे, अशा प्रत्येक कामाची फी मिळत असे. म्हणजे त्या काळातला मार्शल किंवा त्याचा डेप्युटी घरी बसला तर चूल पेटणे कठीण. चित्रपटातल्या बापाचे घराबाहेर असणे हा निव्वळ स्वभावदोष नसून त्या व्यवसायाची ती रीतच होती, हे ध्यानात घेतले की त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

आपल्याकडे तीन पर्याय दिसतात. बीटाचा हवालदार, वनरक्षक आणि पोलीस पाटील. हवालदाराची अडचण आपणच सांगितली आहे. वनरक्षकाला जंगल, माग, रात्रीची गस्त हे सारे लाभते, पण खुनाच्या तपासाशी त्याचा संबंध नाही. माझे मत नि:संकोचपणे पोलीस पाटलाच्या बाजूने आहे. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार नेमलेला हा माणूस त्याच गावचा रहिवासी असतो, त्याला पगार नसून मानधन असते, कमरेला पिस्तूल नसते आणि तरीही गावात मुडदा सापडला की पहिली हाक त्यालाच जाते. ठाण्याला वर्दी देणे, साहेब येईपर्यंत जागेला कोणी हात लावू नये म्हणून पहारा ठेवणे, पंच गोळा करणे, ही कामे त्याची.

आणि एक गोष्ट, जी बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. ठाण्याची गाडी गावात आली की अधिकारी पोलीस पाटलाच्या ओसरीवर बाजेवर टेकतो, पाण्याचा तांब्या पुढे येतो, आणि पाणी पिऊन होण्याआधी पहिला प्रश्न येतो : "पाटील, तुमचा संशय कोणावर?" मी स्वतः हा प्रश्न असंख्य ओसऱ्यांवर विचारलेला आहे. त्या प्रश्नाच्या उत्तरात जी नावे येतात, त्यांच्या घरी त्याच संध्याकाळी गाडी जाते. आपल्या नाटकातल्या बापाने त्या प्रश्नाला उत्तर द्यावे आणि त्याच वेळी माजघराच्या दारात त्याचा धाकटा मुलगा पाण्याचा दुसरा तांब्या घेऊन उभा असावा. मूळ कथेत मार्शल चुकीची माणसे माग काढून आणतो. इथे बापाच्या तोंडून निघालेली चार नावे त्यांना आत घालतात.

राहिला प्रश्न बापाच्या गैरहजेरीचा. पोलीस पाटील गाव सोडून जात नाही, हे खरे. तथापि शेजाऱ्याच्या धुऱ्याचा वाद मिटवायला, कोणाची सून परत नांदायला पाठवायला, मोर्चाच्या आणि निवडणुकीच्या बंदोबस्ताला तो सदैव तयार असतो आणि स्वतःच्या घरात मात्र फक्त जेवायला असतो. अशा घरांतली पोरे मी पाहिलेली आहेत. बाप चार पावलांवर चावडीत बसलेला असतो आणि पोराला मात्र तो दहा कोसांवर असल्यासारखा वाटतो.


तालुका न्यायालयातून

पोलीस पाटलाची सूचना मला कायद्याच्या अंगानेही फार चांगली वाटते. पण त्याआधी फाशीच्या मुदतीबद्दल स्पष्टच सांगायला हवे की, ती आपल्याकडे जशीच्या तशी आणता येणार नाही. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली तरी उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही. पुढे अपील, दयेचा अर्ज आहेच. महाराष्ट्रात फाशीची सोय नागपूर मध्यवर्ती आणि येरवडा या दोनच कारागृहांत आहे. गावच्या चौकात वधस्तंभ आणि त्याखाली जमलेली गर्दी, असे दृश्य दाखवले तर मंडईत बसलेला एखादा कोर्टाचा शिपाईसुद्धा हसेल.

त्याऐवजी कोठडीचा काळ वापरा. अटक झाल्यापासून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे, त्यानंतर जास्तीत जास्त पंधरा दिवसांची पोलीस कोठडी, आणि मग न्यायालयीन कोठडी. हे पंधरा दिवस नाटकाला पुरेसे आहेत. ठाण्याच्या भिंतीआड त्या चौघांचे काय होत असेल, याची कल्पना गावातल्या प्रत्येकाला असते आणि कोणी ती बोलून दाखवीत नाही. चौघांपैकी एकाची प्रकृती कोठडीत ढासळते, तालुक्याच्या दवाखान्यातून त्याला नागपूरला हलवले जाते, अशी बातमी दुसऱ्या अंकात आली की मुलांच्या मौनाची किंमत एका माणसाच्या श्वासांत मोजली जाऊ लागेल. वधस्तंभाचे काम यापेक्षा वेगळे काय होते?

नाटकाचा काळ आपण कोणता धरणार आहात? माझी आग्रहाची सूचना आहे की १९८७ ते २००० यांच्या मधले एखादे वर्ष धरावे. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात मुलग्याचे अल्पवय सोळाव्या वर्षी संपत असे. अठराची मर्यादा २००० च्या कायद्याने आली आणि तो २००१ च्या एप्रिलपासून लागू झाला. म्हणजे सतरा वर्षांचा थोरला त्या काळात मोठ्यांच्या न्यायालयात उभा राहतो आणि अकरा वर्षांचा धाकटा राहत नाही. एकाच रात्रीच्या एकाच गुन्ह्यासाठी दोघा भावांच्या दोन वाटा होतात. त्या वेळी लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८३ नुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपल्या कृत्याचे स्वरूप आणि परिणाम समजण्याइतकी पक्वता नसेल, तर ते कृत्य गुन्हाच ठरत नाही. त्याच संहितेत दरोड्यासाठी किमान पाच माणसे लागतात आणि दरोड्यात एकाने खून केला तरी कलम ३९६ खाली सगळेच खुनाच्या शिक्षेला पात्र होतात. टोळीत तीन गुंड आणि दोन भाऊ ठेवले तर संख्या बरोबर पाच होते. तो अकरा वर्षांचा पोरगा पाचवा मोजायचा की नाही, यावर आमच्या बाररूममध्ये दुपारचा चहा थंड होईपर्यंत वाद चालेल. त्या काळात चुकारा रोखीने वाटला जाई आणि खेड्यात मोबाइल नव्हता, हे दोन फायदे वेगळेच.

आता बापाविषयी. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४० ने गावकामगार अधिकाऱ्यावर गावातल्या अजामीनपात्र गुन्ह्याची माहिती तात्काळ ठाण्याला किंवा दंडाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन घातलेले होते. सामान्य बापापेक्षा पोलीस पाटील बाप इथे अधिक अडकतो. गुन्हेगाराला आसरा देण्याच्या, दंड संहितेतल्या कलम २१२ मध्ये सूट होती ती फक्त पती-पत्नीला. आई-बापाला कायद्याने सूट दिलेली नाही. आईने मुलाला कोठीत लपवून भाकरी दिली तरी ती गुन्हेगार ठरू शकते, ही गोष्ट गावात कोणालाही सांगून पाहा, विश्वास बसणार नाही.

शेवटच्या प्रवेशासाठी एक सूचना. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही. ती दंडाधिकाऱ्यांपुढे द्यावी लागते आणि दंडाधिकारी आरोपीला आधी बजावतात की, कबुली देण्यास तू बांधील नाहीस आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. विचार करायला वेळही देतात. तो वेळ रंगमंचावर जसाच्या तसा वापरावा. मुलगा एका बाकावर, बाप दारापाशी, मध्ये कोणी बोलत नाही.

जाता जाता एवढेच की, बाप, दोन मुले आणि निरपराध संशयित ही कल्पना कोणाच्या मालकीची नसते, पण प्रसंगांची मांडणी आणि संवाद यांना स्वामित्वहक्काचे संरक्षण असते. मूळ चित्रपटातला एकही प्रवेश जसाच्या तसा उचलू नये.


वैनगंगाकाठचा (प्रश्नकर्ता)

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. ओसरीवरचा प्रश्न आणि पाण्याचा तांब्या हा प्रवेश मी कालच लिहून काढला आणि पहिल्या अंकाचा पडदा त्यावरच पडावा असे ठरवले. काळ १९८८ सालचा धरीत आहे.

आता दोन गोष्टी अडून बसल्या आहेत. चित्रपटात मार्शलबरोबर एक अर्धा कोमांची (अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीचा) असलेला माग काढणारा आहे, नेव्हिल ब्रँड यांनी ती भूमिका केली आहे. तसा कोणी माझ्या नाटकात ठेवावा का? दुसरे असे की, बापाला कळते कधी, आणि ते प्रेक्षकाला बापाच्या आधी कळावे की नंतर? मंडळातल्या तरुणांना रहस्य शेवटपर्यंत राखायचे आहे.


पडद्यामागचा

भाऊ, रहस्य राखण्याचा विचार सोडून द्यावा. आपला प्रयोग रात्री दहाला सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो. पहाटे तीन वाजता थंडीत घोंगडी पांघरून बसलेल्या माणसाला 'चोर कोण' हा प्रश्न जागा ठेवू शकत नाही. 'आता बापाला कळणार' ही धास्ती त्याला जागा ठेवते. गोदामाची चोरी, रखवालदाराचा खून आणि दोन्ही पोरांचे घाबरलेले चेहरे हे सारे पहिल्या अर्ध्या तासात उघड्यावर दाखवावे. त्यानंतर बाप जेव्हा जेव्हा रंगमंचावर येईल, तेव्हा समोरचे हजारो लोक काही तरी जाणत असतील आणि तो एकटाच अजाण असेल. आमच्या प्रेक्षकाला पात्राशी बोलायची सवय आहे. "पाटील, मांगं पाहा!" असा आवाज गर्दीतून आला की समजावे, नाटक बसले.

बापाला दुसऱ्या अंकाच्या शेवटी कळावे, आणि ते कोणी सांगून कळू नये. तो तपासाच्या नोंदी पाहत बसला आहे, धाकटा शेजारी पाटी घेऊन बसला आहे आणि हिशेब करता करता चुकाऱ्याच्या रकमेचा असा एक आकडा बोलून जातो, जो गावात संस्थेच्या सचिवाखेरीज कोणालाच ठाऊक नाही. बाप मान वर करीत नाही. तो फक्त कंदिलाची वात कमी करतो आणि म्हणतो, "झोप आता, रात झाली." एवढ्यावर पडदा. कलावंत जाणता असेल तर टाळी नक्की पडेल, पण तो जाणता असावा लागतो. हा प्रवेश ओरडून करणाऱ्याच्या हाती पडला तर वाया गेला म्हणून समजा.

तिसरा अंक आपल्या लेखणीची परीक्षा आहे. बापाला कळले आहे, कायदा त्याच्या मानगुटीवर बसला आहे आणि तरी तो मुलांना काही विचारीत नाही, असे तीन-चार प्रवेश चालवायचे आहेत. आपल्याला चित्रपटातला जो वाट पाहणारा बाप भावला, तो रंगमंचावर फार कठीण. पडद्यावर डोळे जवळून दिसतात, आपल्या शेवटच्या ओळीतल्या माणसाला तर पात्राची मिशीसुद्धा दिसत नाही. तेव्हा वाट पाहणे कृतीतून दाखवावे लागेल. बाप पहाटे थोरल्याला बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, घेऊन जातो, दोघे धानाचे भारे बांधतात, बाप त्याच्या हाताकडे पाहतो. बाप धाकट्याला शंकरपटाला नेतो, बैलजोडी सुटते, सारे गाव ओरडते आणि हे दोघे गप्प उभे राहतात. शेवटी थोरला स्वतः तोंड उघडतो : "बाबा, तुमी मले पकडसान का?" यावर बापाचे उत्तर काय, ते मी आपल्यावर सोडतो. लांब भाषण मात्र देऊ नये. व्यवस्थापक मागतील, तरी देऊ नये.

विनोदी पात्राचा विषय आपण काढलेला नाही, पण त्याच्याशिवाय प्रयोग उभा राहत नाही हे आपणही जाणता. कोतवाल ठेवा. गावचा कोतवाल पोलीस पाटलाच्या मागे मागे असतोच, त्याच्या तोंडी हवे ते घालता येते आणि दुसऱ्या अंकातल्या लावणीला निमित्तही त्याचेच करता येईल. पण त्याला सत्य कळू देऊ नये. ज्याला सत्य कळले आहे असा माणूस विनोद करू लागला की प्रेक्षक गोंधळतो.

पात्रनिवडीबद्दल एक मत मांडतो. तो चित्रपट केला तेव्हा जॉन वेन यांनी पासष्टी गाठलेली होती आणि लहानग्या बिलीचे ते आजोबाच दिसतात. कथेत बाप अंतरलेला आहे, त्याला ते थोडेफार शोभून गेले. आपल्याकडे पंचेचाळिशीचा, अजून स्वतः नांगर धरणारा नट घ्यावा. धाकट्याच्या भूमिकेसाठी मुलगी घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. या वेळी खरा पोरगा शोधा, पहाटे चारपर्यंत जागा राहणारा.


वऱ्हाडातली वाचक

मी झाडीतली नाही, तरी माग काढणाऱ्याबद्दल आणि त्या चार संशयितांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

खाकीतून निवृत्त यांनी 'संशय कोणावर' हा प्रश्न सांगितला आणि त्याचे उत्तर आमच्या भागात काय असते, हे सर्वांना ठाऊक आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ या पट्ट्यात चोरी झाली की गाडी आधी फासेपारधी बेड्यावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, जाते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींवर जन्मतः शिक्का मारला, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. गावाच्या आणि ठाण्याच्या मनातून तो रद्द व्हायचा आहे. आपला पोलीस पाटील सज्जन आहे, कर्तव्यदक्ष आहे, आणि म्हणूनच तो ओसरीवर बसून सहजपणे बेड्यावरच्या चौघांची नावे सांगतो. त्यात त्याला काही वावगे वाटत नाही. बापाचा खरा दोष मला इथे दिसतो. मुलांकडे दुर्लक्ष झाले हा दोष तर आहेच, पण तो घराघरांत असतो.

मूळ चित्रपटातले चौघे जवळजवळ चेहरा नसलेले आहेत, कथेच्या सोयीसाठी फासाखाली उभे केलेले. कृपया आपण तसे करू नका. चौघांपैकी निदान एकाला घर द्या, बायको द्या, आणि तिला पोलीस पाटलाच्या दारात येऊन बोलण्याचा एक प्रवेश द्या. ती रडणार नाही, ती हिशेब मागेल. त्या रात्री तिचा नवरा कुठे होता, हे सांगायला ती साक्षीदार घेऊन येईल आणि तो साक्षीदार गावाने ऐकून घेण्याच्या लायकीचा मानलेला नसेल.

माग काढणारा त्याच बेड्यातला असावा. पारधी माणसाला माती वाचता येते, याचा उपयोग शिकारी साहेबांपासून वनखात्यापर्यंत सर्वांनी करून घेतला आहे. त्याने गोदामामागच्या ओल्या बांधीत पाहावे आणि पोलीस पाटलाला सांगावे की, इथून एक लहान पोरगं अनवाणी गेलं आहे, त्याच्या डाव्या पायाचा अंगठा आत वळलेला आहे. बाप ते ऐकतो आणि वहीत लिहून घेत नाही. पडद्यामागचा यांच्या आकड्याच्या प्रवेशाआधी हा प्रवेश ठेवला तर बापाला संशय आलेला असूनही त्याने तो स्वतःपासून लपवला, असा अर्थ निघेल आणि ती नोंद न केलेली ओळ त्याला पुढे टोचत राहील.

वेस्टर्नच्या मातीत असा बाप खरोखर होऊन गेला, हेही सांगते. बास रीव्ह्‌ज हा १८३८ मध्ये गुलामगिरीत जन्मलेला कृष्णवर्णीय डेप्युटी मार्शल. ज्याच्या न्यायालयात १६० जणांना फाशी सुनावली गेली आणि त्यांपैकी ७९ जण प्रत्यक्ष फासावर गेले, त्या फोर्ट स्मिथच्या न्यायाधीश पार्करच्या हाताखाली त्याने वर्षानुवर्षे काम केले. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. वॉरंट दुसऱ्याकडून वाचून घेऊन तो पाठ करीत असे. १९०२ मध्ये त्याच्या मुलाने, बेनीने, स्वतःच्या बायकोचा खून केला. ते वॉरंट बजावायला कोणी पुढे होईना, तेव्हा बापाने ते मागून घेतले आणि मुलाला पकडून आणले, असे सांगितले जाते. मुलाला जन्मठेप झाली व लेव्हनवर्थच्या तुरुंगात पाठवण्यात आले. पोलीस पाटलाच्या तिसऱ्या अंकाला चित्रपटापेक्षा या माणसाचा आधार अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते. शेवटी सगळे सुरळीत होण्याची घाई त्याच्या आयुष्याने केली नाही.


खाकीतून निवृत्त

वरील ताईंचे म्हणणे मला मान्य आहे आणि ते वाचायला सोपे नव्हते. एका तांत्रिक बाबीची भर घालतो. तपासाच्या वेळी ठसा मिळाला तर त्याची नोंद पंचनाम्यात यायला हवी आणि पंचनाम्यावर पंचांच्या सह्या असतात. पोलीस पाटलाने ती ओळ गाळली, तर पुढे न्यायालयात उलटतपासणीत माग काढणाऱ्यालाच विचारले जाईल की, तू हे तेव्हाच का सांगितले नाहीस. त्याने सांगितले होते, हे जाणणारा दुसरा माणूस फक्त पोलीस पाटील. त्या प्रवेशात बापाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढवता येईल का, याचा विचार करावा.


वैनगंगाकाठचा (प्रश्नकर्ता)

आपण सर्वांनी दिलेल्या वेळेबद्दल ऋणी आहे. तिसरा अंक पूर्ण मोडून नव्याने लिहीत आहे. आता न्यायालयाचा प्रवेश पुढीलप्रमाणे योजला आहे : माग काढणारा खोटा ठरण्याच्या बेतात असताना पोलीस पाटील उभा राहतो आणि आपण कोणती ओळ गाळली, ते सांगतो. ती का गाळली, हे तो सांगत नाही, कारण ते सांगणे म्हणजे मुलाचे नाव घेणे होय. थोरला मुलगा गर्दीत उभा आहे. त्यानंतर तो दंडाधिकाऱ्यांकडे स्वतःहून जातो, आणि वकील साहेबांनी सांगितलेला बाकावरचा वेळ तिथे येतो. त्यामुळे "तुमी मले पकडसान का" हा प्रश्न न्यायालयाच्या आधीच्या रात्री घ्यावा लागेल आणि त्याचे उत्तर बापाने साक्षीतून दिले, असे होईल. वेगळा संवाद लिहावा लागणार नाही.

बेड्यावरच्या बाईचा प्रवेश लिहिला आहे. व्यवस्थापकांनी तो वाचून सांगितले की, प्रवेश चांगला आहे, पण लावणीच्या लगेच आधी आला आहे, त्यामुळे एक तर तो मागे न्यावा किंवा लावणी पुढे ढकलावी. माझा विचार लावणी पहिल्या अंकात, मंडईच्या देखाव्यात नेण्याचा आहे. कोतवालाला तिथे कसे पोहोचवावे, हे अजून सुटलेले नाही. कोणाला सुचल्यास लिहावे. वाचन पुढच्या आठवड्यात ठेवले आहे.